गहू, मुलींची शाळा आणि ऊन

मंडळी, दिवाळी अंकात अंदाजपत्रकावर लेख म्हणजे फराळाच्या ताटात कारल्याची भाजी, याची मला कल्पना आहे. संपादकांनी विषय विचारला तेव्हा "सौदी सरकारच्या खर्चाचा इतिहास" असं सांगितलं, तर पलीकडून थोडा वेळ काही आवाजच आला नाही. मग म्हणाले, "बघा, जरा हलकंफुलकं जमतंय का." प्रयत्न करतो. नाही जमलं तर पान उलटा, पुढे पाककृती आहेतच.

मी काही अर्थशास्त्रज्ञ नाही. शिक्षण कॉम्प्युटर इंजिनीअरिंगचं, पोटापाण्याचा उद्योग सॉफ्टवेअर सल्लागाराचा. पण आमच्या धंद्यात एक धडा लवकर मिळतो. एखादी सिस्टीम प्रत्यक्षात काय करते हे समजून घ्यायचं असेल तर तिचं माहितीपत्रक वाचू नये, तिचा लॉग वाचावा. सरकारचंही तसंच असतं. भाषणं हे माहितीपत्रक आणि अंदाजपत्रक हा लॉग. कुठल्या गोष्टीला खरंच किंमत होती, ते तिथे आकड्यांत लिहिलेलं असतं.

शिवाय आता हा विषय आपल्या खिशाचाही झालाय. जुलै २०१७ पासून आपल्यासारख्यांच्या बायकामुलांवर माणशी दरमहा १०० रियाल फी सुरू झाली आणि दरवर्षी वाढत २०२० मध्ये ती ४०० वर गेली. १ जानेवारी २०१८ ला ५ टक्के व्हॅट आला, १ जुलै २०२० ला तो १५ टक्के झाला. त्या काळात किती कुटुंबांनी बायकामुलांना पुण्या-नाशिकला परत पाठवलं आणि किती जण इथे पुन्हा एकटे राहू लागले, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्याआधी आपण कर भरत नव्हतो, म्हणून तो पैसा कुठे जातो हे विचारतही नव्हतो. आता विचारायला हरकत नाही.

मी या देशाच्या खर्चाची तीन खाती निवडली आहेत: मुलींचं शिक्षण, शेतीचं पाणी आणि उन्हावरचं संशोधन. तिन्ही साधारण वीस वर्षांच्या अंतरात सुरू झाली. तिघांची नशिबं मात्र फार वेगळी निघाली.

खातं पहिलं : मुलींची शाळा

दम्माममधल्या सात नंबरच्या विहिरीत १९३८ साली तेल लागलं हे आपल्याला माहीत असतं. मुलींची सरकारी शाळा यायला मात्र त्यानंतर बावीस वर्षं गेली. १९५५ मध्ये जेद्दाला ‘दार अल-हनान’ ही मुलींची खाजगी शाळा निघाली, तिच्यामागे राजपुत्र फैसल यांच्या पत्नी इफ्फत होत्या. १९५९ मध्ये राजे सौद यांनी मुलींसाठी सरकारी शाळा काढण्याची घोषणा केली आणि १९६० मध्ये त्यासाठी स्वतंत्र खातं उभं राहिलं. विरोध इतका होता, की हे खातं शिक्षण मंत्रालयाकडे न देता धर्मपंडितांच्या देखरेखीखाली ठेवावं लागलं.

१९६३ मध्ये कसीम भागातल्या बुरैदा गावी शाळा उघडायची ठरली, तेव्हा तिथले पुरुष निषेध करायला थेट रियाधला गेले. फैसल तेव्हा युवराज होते. त्यांची भूमिका थोडक्यात अशी होती, की ज्याला मुलगी पाठवायची नाही त्याने पाठवू नये, पण शाळा उघडणार. ती बंदोबस्तात उघडली. पहिल्या वर्षी तिथे एकच विद्यार्थिनी होती आणि तीही मुख्याध्यापिकेची मुलगी, असं सांगतात.

हे वाचताना मराठी माणसाला १८४८ चा भिडेवाडा आठवल्याशिवाय राहत नाही. विरोध त्याच जातीचा. पण एक मोठा फरक आहे. सावित्रीबाई आणि जोतीराव यांच्यामागे तिजोरी नव्हती. म्हणून तर १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी सरकारला हिशेब विचारला. महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या पोरांवर होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. बारा वर्षांपर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी त्यांनी केली. अंदाजपत्रकाचा अग्रक्रम हा शब्द त्यांनी वापरला नसेल, पण प्रश्न तोच होता : पैसा कोणाचा आणि खर्च कोणावर?

सौदीत मामला उलटा. पैसा तेलाचा, मागणी नाही, उलट विरोध, आणि तरी तरतूद केलेली. गंमत म्हणजे नावडतं असलेलं हे खातं बंद पडलं नाही. एकदा शाळा, शिक्षिका आणि पगार सुरू झाले, की विरोध करणाऱ्यांच्याच मुली हळूहळू बाकांवर येऊन बसल्या. १९७० मध्ये रियाधला मुलींचं पहिलं शिक्षण महाविद्यालय निघालं, कारण शाळांना शिक्षिका हव्या होत्या.

पण नुसत्या तरतुदीने सगळं होत नाही, हेही इथेच दिसलं. ११ मार्च २००२ रोजी मक्केत भाड्याच्या, खचाखच भरलेल्या इमारतीतल्या एका मुलींच्या शाळेला आग लागली आणि पंधरा मुली गेल्या. देश हादरला. त्याच महिन्यात मुलींच्या शिक्षणाचं वेगळं खातं शिक्षण मंत्रालयात विलीन करण्यात आलं. बेचाळीस वर्षांनी मुलगे आणि मुली एका मंत्रालयाखाली आले. त्यानंतर मात्र पैसा जोरात वाहिला. २००९ च्या अंदाजपत्रकात एकूण सुमारे ४७५ अब्ज रियालपैकी १२२ अब्ज शिक्षण आणि प्रशिक्षणावर होते, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. २०११ मध्ये रियाधच्या विमानतळाच्या रस्त्यावर प्रिन्सेस नूरा विद्यापीठाचं नवं संकुल सुरू झालं. निव्वळ मुलींचं विद्यापीठ, आणि आवारात फिरायला स्वतःची स्वयंचलित रेल्वे!

तरीही बरीच वर्षं एक विसंगती राहिली. पदवीधरांत मुली निम्म्याहून जास्त, पण नोकरी करणाऱ्या सौदी बायका शंभरात वीससुद्धा नाहीत. म्हणजे शिकवण्यावर खर्च करायचा आणि शिकलेलीला घरी बसवायचं. ६ नोव्हेंबर १९९० रोजी सत्तेचाळीस बायकांनी रियाधच्या रस्त्यावर गाड्या चालवून दाखवल्या. त्यासाठी त्यांना फार सोसावं लागलं, आणि परवानगी मिळाली २४ जून २०१८ ला. २०१९ मध्ये एकवीस वर्षांवरच्या स्त्रीला स्वतःचा पासपोर्ट स्वतः काढता येऊ लागला. स्त्रियांचा श्रमशक्तीतला वाटा २०३० पर्यंत ३० टक्के करायचं लक्ष्य होतं, ते कितीतरी आधीच पार झालं, म्हणून ते ४० वर नेण्यात आलं.

हे इतक्या लवकर कसं झालं, असं सगळे विचारतात. उत्तर १९६० मध्ये आहे. कायदा एका दिवसात बदलता येतो, पण शिकलेल्या मुली एका दिवसात तयार होत नाहीत. माझ्या सध्याच्या टीममध्ये नऊ जणांत चार सौदी मुली आहेत. त्यातली एक कसीमची. तिची आजी निरक्षर, आई शाळेत शिक्षिका आणि ही डेटाबेस सांभाळते. तीन पिढ्यांत एका खात्याचा सगळा हिशेब मांडून झाला.

खातं दुसरं : वाळवंटातला गहू

आता उलटं उदाहरण. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल अडवलं, तेव्हा आपल्यावर उद्या कोणी धान्य अडवलं तर काय, ही भीती इथे पसरली. भीती खोटी नव्हती, हे आधीच सांगतो. त्यातून गव्हाची स्वयंपूर्णता हे राष्ट्रीय ध्येय ठरलं. १९७९-८० च्या सुमारास सरकार शेतकऱ्याकडून टनाला ३,५०० रियाल भावाने गहू घेऊ लागलं. हा भाव जागतिक बाजाराच्या कित्येक पट होता. यंत्रं, कर्ज, खत, सगळ्यावर सवलत. आणि पाणी? पाण्याला किंमतच नव्हती. विहीर खणा आणि उपसा.

परिणाम डोळे दिपवणारा होता. १९८० मध्ये दीड लाख टनाच्या आत असलेलं गव्हाचं पीक १९९२ मध्ये चाळीस लाख टनांवर गेलं. देश स्वयंपूर्ण झाला, वर गहू निर्यात करू लागला. विमानातून अल-जौफ किंवा हाइलवरून जाताना वाळूत हिरव्या गोल चकत्या दिसतात ना, ती त्या फिरत्या पाइपांची शेती. लोकांना ते खूप आवडलं. आवडणारच. वाळवंट हिरवं करून दाखवणं कोणाला आवडणार नाही?

पण आपण जरा इंजिनीअरिंगचा हिशेब करू. एक किलो गव्हाला हजार लिटरहून जास्त पाणी लागतं, वाळवंटात आणखीच जास्त. आपण हजारच धरू. चाळीस लाख टनांना झालं चारशे कोटी घनमीटर. आपल्या कोयना धरणाची क्षमता १०५ टीएमसी, म्हणजे सुमारे तीनशे कोटी घनमीटर. म्हणजे एका वर्षाच्या गव्हासाठी कमीत कमी सव्वा कोयना! आणि कोयना पावसाळ्यात पुन्हा भरते. इथलं जमिनीखालचं पाणी हजारो वर्षांपूर्वी, इथे पाऊस पडत होता तेव्हा मुरलेलं आहे. ते एकदा काढलं की संपलं. रियाधच्या दक्षिणेला अल-अफलाज इथे लैला नावाच्या गावाजवळ तळी होती, खोल आणि निळी. नव्वदच्या दशकापर्यंत ती कोरडी पडली.

जानेवारी २००८ मध्ये सरकारने निर्णय घेतला, की स्थानिक गव्हाची खरेदी दरवर्षी साडेबारा टक्क्यांनी कमी करत २०१६ पर्यंत थांबवायची. हिशेब कळला होता. पण बऱ्याच शेतकऱ्यांनी मग गव्हाऐवजी गुरांचा हिरवा चारा लावला आणि चाऱ्याला पाणी गव्हाहून जास्त लागतं! मग पुढे त्यावरही बंधनं आली. आपल्या फ्रीजमधल्या दुधा-लबनाच्या बाटलीवर नाव असतं त्या अलमराईने तर २०१४ मध्ये चाऱ्यासाठी अमेरिकेत, अ‍ॅरिझोनात जमीन घेतली. २०१८ पासून छोट्या शेतकऱ्यांकडून गव्हाची खरेदी मर्यादित प्रमाणात पुन्हा सुरू झाली, पण देशाच्या गरजेचा मोठा भाग आयातीवरच भागतो. यंदाच्या शंकरपाळ्यांचा मैदा बहुधा समुद्रापलीकडचा असेल.

खातं तिसरं : ऊन

तिसरं खातं सगळ्यात छोटं आणि मला सगळ्यात हळहळ लावणारं. रियाधच्या वायव्येला अल-उयैना नावाचं गाव आहे. १९७७ मध्ये सौदी आणि अमेरिका यांनी सौर ऊर्जेच्या संशोधनाचा संयुक्त करार केला, दोघांनी पाच-पाच कोटी डॉलर घालायचे. त्यातून १९८० च्या सुमारास उयैनाजवळ ३५० किलोवॅटचं सौर वीज केंद्र उभं राहिलं. त्या काळात जगातल्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी ते एक होतं आणि त्यातून आसपासच्या खेड्यांना वीज मिळे. विचार करा, १९८०! तेव्हा आपल्याकडे सौर ऊर्जा म्हणजे शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातला सौर कुकर.

मग काय झालं? तेलाचे भाव पडले. १९८६ मध्ये पिंप दहा डॉलरच्या आसपास आलं. त्या वर्षी सरकारला अंदाजपत्रक वेळेवर मांडतासुद्धा आलं नाही, ते पुढे ढकलावं लागलं. अशा वेळी कात्री कशाला लागते? ज्याच्यासाठी कोणी ओरडत नाही त्याला. गव्हामागे शेतकरी होते, कंत्राटदार होते, बँका होत्या. उन्हामागे थोडे शास्त्रज्ञ. संशोधन अगदी थांबलं नाही, पण प्रयोगशाळेपुरतं उरलं. २०१२ मध्ये ४१ हजार मेगावॅट सौर विजेची मोठी योजना जाहीर झाली, तीही पुढे ढकलली गेली. ग्रिडला जोडलेलं पहिलं मोठं सौर केंद्र, सकाकाचं ३०० मेगावॅटचं, २०२१ मध्ये सुरू झालं. त्याच्या विजेचा ठरलेला दर युनिटला नऊ हलालांच्याही आत होता. म्हणजे उयैनानंतर चाळीस वर्षांनी. ऊन तर इथे चाळीस वर्षं रोज पडतच होतं.

२००९ मध्ये मात्र संशोधनाच्या खात्यात एक मोठी नोंद झाली. २३ सप्टेंबरला जेद्दाच्या उत्तरेला थुवल इथे किंग अब्दुल्ला विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ, आपण ज्याला ‘काउस्ट’ म्हणतो, ते सुरू झालं. त्याच्यासाठी दहा अब्ज डॉलरचा निधी राखून ठेवल्याचं तेव्हा छापून आलं होतं. इथे मुलगे आणि मुली एका वर्गात शिकणार होते, हे या देशात प्रथमच. सर्वोच्च धर्मपंडित मंडळाच्या एका सदस्याने त्यावर टीका केली, तर राजे अब्दुल्ला यांनी त्यांनाच मंडळातून काढलं. तिथला ‘शाहीन’ हा महासंगणक २०१५ मध्ये जगात सातव्या क्रमांकावर होता. (आमच्या जमातीला विद्यापीठापेक्षा या बातमीचंच कौतुक जास्त.) शाहीन म्हणजे ससाणा. २०२१ मध्ये सरकारने ‘सौदी ग्रीन इनिशिएटिव्ह’ जाहीर केला, दहा अब्ज झाडं लावण्याचा आणि २०६० पर्यंत कार्बनचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचा संकल्प सोडला. संकल्प मोठा आहे. झाडांना पाणी कुठून, हा प्रश्न गव्हाच्या खात्याने आधीच विचारून ठेवला आहे.

आणि आपल्याकडे?

इथे बसून अरबांना शहाणपण शिकवणं सोपं आहे. पण त्यांचा गहू तसा आपला ऊस. कमी पावसाच्या सोलापूर-लातूरकडे उसाला हमीचा भाव, पंपाला सवलतीची वीज, कारखान्याला सरकारी भागभांडवल आणि पाण्याचा हिशेब कोणीच ठेवायचा नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचं पाणी न्यावं लागलं. पहिल्या फेरीत दहा टाक्या, मिळून पाच लाख लिटर. घरोघरी माणशी शंभर लिटर धरलं तर पाच हजार माणसांचं एका दिवसाचं पाणी.

पण आपल्याकडे एक चांगलं खातंही आहे, आणि ते आपल्यातल्या अनेकांच्या पगाराच्या स्लिपवर होतं. पुण्यात किंवा मुंबईत नोकरी केलेल्यांना ‘पी. टी.’ नावाने दरमहा कापलेले दोनशे रुपये आठवत असतील. तो व्यवसाय कर १९७५ साली लागू झाला, तो रोजगार हमी योजनेसाठी. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यात विसापूरला प्रयोग केला, १९७२ च्या दुष्काळात त्याची गरज राज्यभर पटली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा झाला. शहरातल्या नोकरदाराने द्यायचं, सरकारने तेवढीच भर घालायची आणि खेड्यात जो काम मागेल त्याला काम द्यायचं. बाई असो की पुरुष, कामाचा दर एकच. कामांवर बायका मोठ्या संख्येने आल्या, आणि कामं बहुतेक पाझर तलाव, बांधबंदिस्ती, म्हणजे पाणी जमिनीत घालणारी. समता आणि पाणी एकाच ओळीत! नोकरदारांना तो कर काही आवडला नसणार. पण देशाच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्याला नमुना मिळाला तो इथूनच.

तर या तीन-चार खात्यांवरून मला जे दिसलं ते एवढंच. टाळ्या मिळाल्या त्या खर्चाने विहिरी आटवल्या. ज्याच्याविरुद्ध लोक रियाधपर्यंत गेले, त्या खर्चावर आज हा देश चालतोय. आणि ज्याच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं, तो चाळीस वर्षं मागे पडला. खर्चाचं खरं फळ दिसायला दोन पिढ्या लागतात आणि टाळ्या मात्र त्याच वर्षी वाजतात, हा सगळा घोळ आहे. राजाचा खजिना असो की विधानसभेचा, घोळ तोच.

म्हणून एक सुचवतो. इथलं अंदाजपत्रक डिसेंबरच्या आसपास जाहीर होतं, महाराष्ट्राचं मार्चमध्ये. एकूण आकडा किती लाख कोटींचा याकडे बघू नका, तो मोठाच असतो. तीन गोष्टी शोधा. कशाचं पाणी किंवा कशाची हवा फुकट धरली आहे? ज्याच्यामागे ओरडणारं कोणी नाही, अशा कुठल्या खात्याला कात्री लागली? आणि आज सहावी-सातवीत असलेली मुलगी तीस वर्षांची होईल तेव्हा कामाला येईल असं त्यात काय आहे? माझी मुलगी यंदा सहावीत आहे, म्हणून तिसरा प्रश्न माझ्यापुरता पहिला. व्हॅट तर आपण भरतोच आहोत, प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.

असो. कारल्याची भाजी संपली, आता चकलीकडे वळा. सर्वांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा!